कपाटात ठेवलेला गॅस डिटेक्टरही म्हातारा होतो

पेव उघडलं की आधी दोरीला बांधून कंदील आत सोडायचा, मग माणूस. मराठवाड्यातल्या जुन्या शेतकऱ्यांना हे सांगावं लागत नसे. बंद पेवात धान्य श्वास घेतं, ऑक्सिजन संपतो, कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. १८१५ मध्ये हम्फ्री डेव्हीने कोळसा खाणींसाठी केलेल्या दिव्यातही ज्योतच बोलायची, फक्त तिच्याभोवती बारीक तारेची जाळी होती. मिथेन असला की ज्योत उंच व्हायची, ऑक्सिजन कमी पडला की विझायची. (मिथेनच्या टाकीत उघडा कंदील मात्र कधीही सोडू नये.) ब्रिटनच्या खाणींत विषारी गॅस ओळखायला ठेवलेले कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत होते.

ज्योत विझलेली दिसते, पक्षी पडलेला दिसतो. आजच्या गॅस डिटेक्टरमधला, म्हणजे मीटरमधला, विषारी किंवा ज्वलनशील गॅसचा सेन्सर निकामी झाला तर बहुधा पडद्यावर शून्य दिसतं, आणि ते शून्य 'सुरक्षित' म्हणून वाचलं जातं.

विसाव्या शतकात आलेल्या पेलिस्टरमध्ये, म्हणजे ज्वलनशील गॅसच्या सेन्सरमध्ये, उत्प्रेरक लावलेल्या तापलेल्या मण्यावर गॅस जळतो. त्याचं आयुष्य साधारण ३ ते ५ वर्षं; पण यंत्राच्या बेल्टवर मारलेला सिलिकॉन स्प्रे किंवा सिलिकॉन सीलंटची वाफ त्याला त्याआधीच मारते. मिथेन ओळखण्याची ताकद सगळ्यात आधी जाते, म्हणून तपासणी मिथेननेच करावी.

हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइडचे सेन्सर विद्युत-रासायनिक असतात. ते २ ते ३ वर्षं टिकतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाने आतलं द्रावण आटतं. उन्हात उभ्या गाडीत मीटर ठेवू नये. ऑक्सिजनच्या जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये शिसं हळूहळू खर्च होतं आणि हवेत ऑक्सिजन असतोच, त्यामुळे मीटर बंद असला तरी त्याचं वय वाढतं. साखर कारखान्यात गळीत हंगाम संपल्यावर मीटर कपाटात जातो, आणि मळीच्या टाक्या, डिस्टिलरीचे डायजेस्टर (सांडपाणी कुजवून बायोगॅस करणाऱ्या बंद टाक्या) साफ करायला माणसं उतरतात तीही त्याच काळात. म्हणून खरेदीची तारीख न धरता सेन्सरवरची उत्पादनाची तारीख पाहावी.

बम्प टेस्ट, म्हणजे मीटरला थोडा गॅस देऊन अलार्म वाजतो का हे पाहणं, रोज, वापराआधी. मीटर स्वच्छ हवेत सुरू करून ऑक्सिजन २०.९ टक्के आणि बाकी शून्य असल्याची खात्री करावी. मग तपासणीच्या सिलिंडरमधला मिश्र गॅस मिनिटाला अर्धा लिटर या वेगाने सोडून प्रत्येक अलार्म वाजतो का पाहावं. नेहमीच्या मर्यादा अशा: ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली, हायड्रोजन सल्फाइड १० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १० भाग), कार्बन मोनॉक्साइड ३५ पीपीएम, ज्वलनशील गॅस एलईएलच्या (ज्या किमान प्रमाणात गॅस हवेत पेट घेऊ शकतो त्याच्या) १० टक्के. साधी रबरी नळी वापरू नये, ती हायड्रोजन सल्फाइड शोषते आणि चांगला सेन्सर मंद भासतो. सिलिंडरची मुदतही तपासावी.

बम्प टेस्ट फसली तर कॅलिब्रेशन, म्हणजे ठरलेल्या प्रमाणाच्या गॅसवर मीटरचे आकडे जुळवून घेणं. तेही जमलं नाही तर सेन्सर बदलायचा, आणि तोवर त्या मीटरवर कुणालाही टाकीत उतरवायचं नाही.