आसरा, जखीण आणि चकवा: पार्श्वभूमी

जागलीला निघालेला माणूस रोजच्याच पांदणीत रात्रभर गोल गोल फिरत राहिला, की विदर्भातल्या खेड्यांत म्हणतात, त्याले चकवा लागला. चकवा जीव घेत नाही, वाट तेवढी विसरायला लावतो. लागला की जागीच बसायचं, तांबडं फुटेपर्यंत. रशियाच्या जंगलांत हेच काम लेशी नावाचा रानातला देव करतो. तिथं अंगातले कपडे उलटे घालायचे, उजव्या पायातला जोडा डाव्यात. पण गुराख्यांनी मान दिला तर हाच लेशी त्यांची गुरंही राखतो, असं तिकडे मानत.

मारणारं आणि तारणारं एकच, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. आज जखीण म्हटलं की मेलेल्या बाईचं भूत डोळ्यांपुढे येतं. शब्द मात्र यक्षिणीचा. महाभारतात तळ्यावरचा यक्ष चार पांडवांना निष्प्राण पाडतो आणि युधिष्ठिराच्या उत्तरांनी संतुष्ट होऊन चौघांनाही उठवतो. मेघदूतातला यक्ष तर शापित, विरहानं व्याकूळ. त्याचा रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं अनेक अभ्यासक मानतात.

मला सर्वांत बोलकी वाटते ती हारीती. ही यक्षिणी लोकांची लेकरं पळवून खायची. बुद्धानं तिचंच धाकटं पोर लपवलं, तेव्हा इतर आयांचं दुःख तिला कळलं आणि ती लेकरांची राखणदार झाली. बुलढाण्याची हद्द ओलांडली की अजिंठा. तिथल्या 2 क्रमांकाच्या लेण्यात ती नवरा पांचिक यक्षाशेजारी बसली आहे, मांडीवर मूल घेऊन. ही शिल्पं 5व्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली. त्यांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम.

साती आसराही याच कुळातल्या. आसरा म्हणजे अप्सरा, आणि 'अप्' म्हणजे पाणी. नदीकाठी किंवा विहिरीच्या थाळ्याजवळ शेंदूर लावलेले सात दगड, एवढंच त्यांचं देऊळ. पाणी पाजतं आणि बुडवतंही. मग त्याच्या देवी एकाच स्वभावाच्या कशा असतील? पोरांना भरदुपारी डोहाकडे जाऊ नको म्हणताना आजी आसरांचं नाव घेते, आणि त्याच घरची बाळंतीण उठली की हळदकुंकू घेऊन विहीर पुजायला जाते.