रुपया बदलला, इंच राहिला

प्लायच्या दुकानात पाच मिनिटं उभं राहा, हे वाक्य कानावर पडतंच: “आठ बाय चार, एकोणीस एमएम, दोन शीट द्या.” लांबी-रुंदी फुटांत, जाडी मिलिमीटरमध्ये, आणि बोलणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. त्याच गिऱ्हाइकाला स्क्रू दीड इंची हवे असतात, बिजागरी पस्तीस एमएम कपाची आणि चौकटीचं सागवान घनफुटांत. नाशिकमध्ये हल्ली गच्चीवर, पार्किंगच्या कोपऱ्यात हौसेने सुतारकाम करणारे वाढलेत. त्यांच्यातला एखादा ‘आता सगळं मेट्रिकमध्येच’ असं ठरवतो आणि दुकानात जाऊन नेमका एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असा टेप घेऊन येतो. ही खिचडी बरीच जुनी आहे.

इंचही इथला नव्हेच. त्याआधी अंगुळ, वीत, हात, गज होते आणि सुतार-गवंड्यांचा तसू होता. ‘तसूभरही हलणार नाही’ असं आपण अजून म्हणतो, पण तो तसू केवढा हे कुणाला ठाऊक नसतं. मुंबई इलाख्यातल्या कोष्टकात २४ तसूंचा गज २७ इंचांचा धरत, म्हणजे एक तसू सव्वा इंचाला जरा कमी: एक इंच आणि वर एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. गावोगावी गज थोडाफार बदलायचा, पण त्याने काम अडत नसे. जुन्या नाशकातले वाडे खणांत मोजले जात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. तुळई खांबाच्या मापाने आणि दार चौकटीच्या मापाने बसवायचं. त्या वाड्यापुरती एक मापाची काठी असली की झालं.

इंग्रजी अंमलात फूट आणि इंच आले. ते रुजले कसे, याचं कारण मला सरकारी सक्तीपेक्षा आपल्या बोलीत जास्त दिसतं. मराठी तोंड निम्मं-निम्मं करत जातं: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेत. त्यात रुपया १६ आण्यांचा आणि आणा चार पैशांचा, म्हणजे रुपयाचे पैसे ६४. इंचाच्या पट्टीवरही पाव, आठवा, सोळावा, बत्तिसावा, चौसष्टावा भाग. रुपया आणि इंच एकाच सुरीने कापलेले! ज्याला सहा आणे कळतात त्याला तीन सूत समजावून सांगावं लागत नाही. आठ सुतांचा इंच म्हणजे एक सूत दोन आण्यांना. हिशेबाच्या वहीत आणि फळीवरच्या खुणेत एकच गणित चालत होतं.

हा जोडीदार १ एप्रिल १९५७ रोजी गेला. रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्याआधी डिसेंबर १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला होता. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आला. तेव्हा नाशिक द्विभाषिक मुंबई राज्यात होतं. पुढच्या काही वर्षांत शेर-छटाक खरोखर हद्दपार झाले. तराजूतलं वजन दुकानदाराचं असतं, ते निरीक्षक तपासतो, जप्त करतो. सुताराच्या खिशातली घडीची पट्टी तपासायला कोण येणार? लांबीच्या बाबतीत म्हणूनच कागद बदलले, बोलणं राहिलं. साडी नऊवारीच राहिली, सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले तरी सौदा गुंठ्यातच होतो.

गंमत म्हणजे त्याच सुमारास इंचच मेट्रिकचा आश्रित झाला. अमेरिका, ब्रिटन आणि इतर चार देशांनी १ जुलै १९५९ पासून इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर असं ठरवलं. तोवर ब्रिटिश आणि अमेरिकी इंचांत केसाच्याही केसाएवढा फरक होता. सुतारकामात त्याचा काडीचा उपयोग नाही, पण आज आपण वापरतो तो इंच मिलिमीटरवरच उभा आहे.

नाशकात मिलिमीटर अंगवळणी पडला तो कारखान्यांतून. ओझरला १९६४ मध्ये मिग विमानांसाठी कारखाना उभा राहिला. विमान सोव्हिएत, त्यामुळे नकाशे मिलिमीटरचे. सातपूर-अंबडलाही औद्योगिक वसाहती झाल्या. आयटीआयमधून निघालेला फिटर व्हर्नियरवर, म्हणजे बारीक मापाच्या कॅलिपरवर, ०.०२ मिलिमीटर वाचायला लागला. आणि तोच घरी कपाट करायला सुतार बोलावला की “अडीच फुटाचं करा” म्हणायचा.

खरा दणका दिला तो मॉड्युलर किचनने. युरोपातलं कपाटांचं नेहमीचं माप ६०० मिलिमीटर, उपकरणंही त्याच हिशेबाची. दोन फूट म्हणजे ६०९.६. हे साडेनऊ मिलिमीटर प्रत्येक कपाटामागे साठत जातात आणि भिंतीच्या टोकाला हिशेब मागतात. सूत म्हणजे तीन एमएम, हे कारागिरांचं सोयीचं रूपांतरही असंच. खरा सूत ३.१७५ चा. एका खाचेत चालून जातं, पण आठ सुतांचे २४ धरले की दर इंचाला दीड मिलिमीटरच्या आसपास गळती.

म्हणून पहिली खरेदी म्हणजे दोन्ही कडांना मिलिमीटर असलेला टेप. असा टेप शोधावा लागतो, दुकानदार इंच-सेंटिमीटरची दुपट्टीच पुढे करतो. पण दुपट्टी हातात असेल तर डोळा ओळखीच्या कडेला जातो आणि मग माणूस ७६२ असं लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा तीस इंचच. टेपच्या आरंभाला लंबगोलात रोमन एक किंवा दोन आकडा असतो का, तेही पाहावं. युरोपीय वर्गवारीनुसार पाच मीटरला दुसऱ्या वर्गात १.३ मिलिमीटरपर्यंत चूक चालते, पहिल्यात ०.६. टेपच्या टोकाचा पत्र्याचा हुक किंचित हलतो तो दोष नव्हे. आतून-बाहेरून मोजताना पत्र्याची जाडी भरून निघावी म्हणूनच तो सैल ठेवलेला असतो. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची ३०० ची स्टीलची पट्टी आणि साधा व्हर्नियर घेतला की मापाचं काम भागतं. गुण्या, ओळंबा, पाणसळ जुनेच ठेवा, त्यांना मेट्रिक-इंचाचं सोयरसुतक नाही. आकडे मात्र मिलिमीटरमध्येच लिहा. शाळेची सवय सेंटिमीटरची, त्यामुळे ‘४५’ म्हणजे साडेचारशे की नुसते पंचेचाळीस, यावर फळ्या वाया जातात.

पाती बदलताना जपून. अर्ध्या इंचाची पटाशी १२.७ ची असते, १२ च्या खाचेत ती जात नाही. राउटरच्या, म्हणजे लाकडात खाचा पाडणाऱ्या यंत्राच्या, पाव इंची कॉलेटमध्ये (पातं पकडणाऱ्या चिमट्यात) सहा एमएमचं पातं घट्ट बसल्यासारखं वाटतं, पण ०.३५ चा फरक फिरताना ते सोडवतो. ही चूक फळीवर थांबत नाही.

आणि जुन्या वाड्याच्या दाराची फळी बदलायची असेल तर टेप खिशातच राहू द्या. ती चौकट ना इंचात बसेल ना मिलिमीटरमध्ये. लाकडाची एक पट्टी तिथे धरा, पेन्सिलीने खूण करा आणि तीच घेऊन या.