स्वायत्तता म्हणजे स्वावलंबन नव्हे

इंदूरच्या मराठी घरांत नोकरीचा विषय निघाला, मग ती विजयनगरमधल्या एखाद्या कार्यालयातली असो वा पीथमपूरच्या कारखान्यातली, की "आमच्याकडे नव्या मुलांना कामात पूर्ण स्वायत्तता आहे, त्यांचे ते बघून घेतात," असे वाक्य हमखास कानी पडते. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत, आणि हा घोळ नव्याने रुजू झालेल्यांना फार महागात पडतो.

स्वावलंबन म्हणजे दुसऱ्याच्या मदतीवाचून काम निभावणे. ते सर्वांना ठाऊक आहे. स्वायत्तता मात्र मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्णय सिद्धांतातील, म्हणजे माणसाला प्रेरणा कशातून मिळते हे सांगणाऱ्या सिद्धांतातील, तीन मूलभूत मानसिक गरजांपैकी एक आहे. (उरलेल्या दोन, सक्षमता आणि आपुलकीचे नाते, यांचा सहसा गोंधळ होत नाही.) करतो ते काम मनाला पटलेले असणे, ही स्वायत्तता. म्हणूनच परावलंबन हे तिचे दुसरे टोक नाही. ते दुसरे टोक म्हणजे दडपण.

कारखान्यात नवे यंत्र आले आणि तरुण अभियंत्याच्या हाती माहितीपुस्तिका देऊन "तूच शीक" असे सांगितले, तर तो स्वावलंबी होईल कदाचित. पण चुकलो तर बोलणी बसतील या धाकाने शिकत असेल, तर त्यात स्वायत्तता अजिबात नाही. याउलट, हे यंत्र का घेतले ते त्याला समजावले, कामाचा क्रम ठरवताना त्याचे मत विचारले आणि जुना फोरमन महिनाभर शेजारी उभा राहिला, तर तो पावलोपावली मदत घेत असूनही स्वायत्त असतो, कारण मदत मागणे हा त्याचाच निर्णय असतो.

करिअरच्या वाढीचा प्रश्न येथेच येतो. करिअरचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ मार्क सॅविकस यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या करिअर-अनुकूलनक्षमतेच्या, म्हणजे बदलत्या कामाशी जुळवून घेण्याच्या क्षमतेच्या, संकल्पनेत पुढे चार अंगे मानली गेली: भविष्याची काळजी (म्हणजे पुढचा विचार), त्यावर आपला ताबा, कुतूहल आणि आत्मविश्वास. वाऱ्यावर सोडलेल्या माणसात यांतले कुतूहल सर्वांत आधी आटते असे मला ठामपणे वाटते, कारण प्रश्न विचारणे म्हणजे कमीपणा, हे तो लवकर शिकतो. काम बदलले की जुन्याच पद्धतीला तो घट्ट धरून राहतो, आणि वरिष्ठ त्यालाच हट्टी ठरवतात.

म्हणून वार्षिक मूल्यमापनात "मदतीशिवाय काम करतो" या वाक्याला गुण देणे मला मुळीच मान्य नाही. त्या जागी गेल्या वर्षात कर्मचाऱ्याने कोणता निर्णय स्वतः घेतला आणि त्यासाठी कोणाकोणाला विचारले, हे दोन प्रश्न असावेत.