माहिती तंत्रज्ञान गुंतवणूक व्यवस्थापन (अमेरिकेचे संघीय शासन)

शासकीय संस्थेचा संगणक, आज्ञावली, दळणवळण-जाळे आणि त्यांची देखभाल यांवरील खर्च निव्वळ खरेदी न मानता गुंतवणूक मानून त्याची निवड, नियंत्रण व मूल्यमापन करण्याची पद्धती. तिची सर्वांत तपशीलवार मांडणी अमेरिकेच्या संघीय शासनात झाली असल्याने येथे मुख्यतः तिचाच विचार केला आहे.

१९६५ च्या ब्रुक्स अधिनियमाने संघीय संस्थांच्या संगणकखरेदीचे अधिकार सामान्य सेवा प्रशासनाकडे (संघीय संस्थांसाठी खरेदी व इमारती पाहणारी मध्यवर्ती संस्था) एकवटले होते. संगणक थोडे आणि फार महाग असताना ही व्यवस्था समर्थनीय होती. पुढे मात्र यंत्र कोणते घ्यावे यावर काटेकोर नियम आणि ते कशासाठी घ्यावे याविषयी जवळजवळ मौन, अशी स्थिती झाली. तिचे परिणाम मोठ्या प्रकल्पांत दिसले : हवाई वाहतूक नियंत्रणासाठी योजलेल्या प्रगत स्वयंचलन प्रणालीचे मोठे भाग १९९४ मध्ये रद्द करावे लागले. त्याच वर्षी सिनेटर विल्यम कोहेन यांनी संघीय संगणकखर्चातील गोंधळावर अहवाल प्रसिद्ध केला. त्यानंतर १९९६ च्या क्लिंगर-कोहेन अधिनियमाने ब्रुक्स अधिनियमातील केंद्रीकृत व्यवस्था रद्द करून गुंतवणुकीची जबाबदारी संस्थाप्रमुखांवर टाकली आणि संस्थेच्या माहिती तंत्रज्ञानाची जबाबदारी सांभाळणारे मुख्य माहिती अधिकारी हे पद निर्माण केले.

निवड, नियंत्रण आणि मूल्यमापन या त्रिसूत्रीचे मूळ कोठे, याविषयी एकमत नाही. एक मत तिला वित्तशास्त्रातील गुंतवणूकसंचाच्या (पोर्टफोलिओ; अनेक गुंतवणुकींचा एकत्रित विचार) सिद्धांताशी जोडते : हॅरी मार्कोविट्झ यांनी तो १९५२ मध्ये मांडला आणि १९८१ मध्ये वॉरन मॅक्फार्लन यांनी संगणकप्रकल्पांच्या जोखमीचा विचार एकेका प्रकल्पापुरता न ठेवता संपूर्ण संचाला लावला. दुसरे मत तिच्याकडे लेखापरीक्षणाच्या परंपरेचे अपत्य म्हणून पाहते. महालेखा कार्यालयाच्या (अमेरिकी काँग्रेससाठी लेखापरीक्षण करणारी संस्था) मे १९९४ च्या अहवालात यशस्वी संस्था प्रकल्पांकडे गुंतवणूक म्हणून पाहतात, हे सूत्र आढळते. राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीतील व्यवस्थापन व अर्थसंकल्प कार्यालयाच्या नोव्हेंबर १९९५ च्या मार्गदर्शिकेत तीन टप्पे स्पष्टपणे येतात. कालक्रम आणि कागदपत्रे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण मार्कोविट्झ यांच्या सिद्धांताचा गाभा असलेले परताव्यांच्या परस्परसंबंधाचे गणित या शासकीय पद्धतीत मध्यवर्ती नाही. जोखमीची भाषा तेवढी तिकडून आली असावी.

महालेखा कार्यालयाने मे २००० मध्ये मसुदारूपाने आणि मार्च २००४ मध्ये सुधारित स्वरूपात संस्थेचे गुंतवणूक व्यवस्थापन किती परिपक्व आहे हे मोजणारी पाच पायऱ्यांची चौकट प्रसिद्ध केली. पायऱ्यांची कल्पना कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेच्या क्षमता-परिपक्वता प्रतिमानाशी (आज्ञावली तयार करण्याच्या प्रक्रियेची प्रगती पायऱ्यांनी मोजणारी चौकट) जवळची आहे. पहिल्या पायरीवर निर्णय तात्पुरते व विस्कळित असतात. दुसऱ्या पायरीसाठी पाच प्रक्रिया लागतात : गुंतवणूक मंडळाची स्थापना, कार्यगरजांशी सांगड, प्रस्तावांची निवड, चालू प्रकल्पांवर देखरेख आणि गुंतवणुकीच्या माहितीची नोंद. एखाद्या पायरीवरील सर्व प्रक्रिया अमलात आल्याखेरीज संस्थेने ती पायरी गाठली असे मानले जात नाही; त्यामुळे नुसते मंडळ स्थापून भागत नाही, त्याच्यापुढे खर्च, वेळापत्रक आणि जोखीम यांची विश्वासार्ह माहिती यावी लागते. तिसऱ्या पायरीवर एकेका प्रकल्पाऐवजी संपूर्ण संचाची तुलना होते आणि कार्यान्वयनानंतरचे पुनरावलोकन सुरू होते. चौथ्या पायरीत कालबाह्य प्रणाली बदलण्याचे नियोजन येते, पाचवीत तंत्रज्ञानाच्या आधारे कार्यपद्धतीच बदलणे अभिप्रेत आहे.

व्यवहारात देखरेख हाच कच्चा दुवा ठरला. संघीय अन्वेषण विभागाची (एफबीआय) तपासाच्या नोंदी संगणकावर ठेवण्यासाठी योजलेली आभासी प्रकरण-संचिका प्रणाली सुमारे १७ कोटी डॉलर खर्चूनही २००५ मध्ये सोडून द्यावी लागली. वारंवार बदलणाऱ्या गरजा हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. २००९ मध्ये प्रकल्पांची स्थिती जनतेला दाखवणारा आयटी डॅशबोर्ड हा संकेतस्थळावरील फलक सुरू झाला, तर डिसेंबर २०१४ च्या फिटारा (संघीय माहिती तंत्रज्ञान संपादन सुधारणा) अधिनियमाने मुख्य माहिती अधिकाऱ्यांचे अर्थसंकल्पविषयक अधिकार वाढवले.

मूल्यमापनाचा टप्पा तुलनेने उपेक्षित राहिला आहे, आणि त्याची किंमत मोठी आहे. महालेखा कार्यालयाच्या (२००४ पासून शासकीय उत्तरदायित्व कार्यालय) मे २०१६ च्या अहवालानुसार २०१५ च्या वित्तीय वर्षातील माहिती तंत्रज्ञानावरील तरतुदीचा ७५ टक्क्यांहून अधिक भाग चालू प्रणालींचे परिचालन व देखभाल यांवर गेला. अण्वस्त्रदलांशी संबंधित एका संरक्षण-प्रणालीत त्या वेळी माहिती साठवण्याच्या जुन्या आठ इंची फ्लॉपी चकत्या वापरात होत्या. अशा जुन्या प्रणाली बदलण्यासाठी डिसेंबर २०१७ च्या अधिनियमाने स्वतंत्र आधुनिकीकरण निधी स्थापन केला.