अंगठीतून गेली म्हणजे पैठणी अस्सल?

लग्नसराईत प्रदर्शन-विक्री लागली की हा संदेश हमखास फिरतो: ‘खरी रेशमी पैठणी अंगठीतून आरपार जाते; अडकली तर नकली.’

यातून रेशमाची पारख होत नाही. कापड अंगठीतून जातं ते पातळ, मऊ आणि निसरडं असल्यामुळे. तलम पॉलिस्टरची साडीही सहज सुळकन निघते. उलट भरगच्च जरीचा पदर असलेली अस्सल पैठणी अडकू शकते, आणि ओढाताणीत जरीचं काम खराब होतं ते वेगळंच.

मग पाहायचं काय? आधी पदर उलटा करा. हातमागाच्या पारंपरिक विणीत मोराचा प्रत्येक रंग वेगळ्या धाग्याने जागच्या जागी गुंफतात. त्यामुळे मागची बाजूही जवळपास पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. मागे लांब सुटे धागे लोंबत असतील किंवा कातरलेले असतील, तर ते बहुधा जकार्डचं, म्हणजे नक्षीचे धागे आपोआप उचलणाऱ्या मागाच्या जोडयंत्राचं काम.

रेशमासाठी विक्रेत्याला विचारून कडेचा जरीविरहित धागा जाळून बघा. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो, राख चिमटीत भुगा होते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. इथे एक खाचखळगा आहे: पदराच्या दशा म्हणजे फक्त उभे धागे. काही साड्यांत उभा धागा रेशमी आणि आडवा कृत्रिम असतो. म्हणून ब्लाउजपीसच्या कापलेल्या कडेचा आडवा धागाही तपासा.

सिल्क मार्कची चिठ्ठी रेशमाची खात्री देते, हातमागाची नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा. बिलावर ‘शुद्ध रेशीम, हातमाग’ असं स्पष्ट लिहून मागा. प्रदर्शन चार दिवसांत उठतं, म्हणून दुकानाचा कायमचा पत्ताही त्यावर हवाच.