संश्लेषित इंधनतेल

संश्लेषित इंधनतेल : कोळसा, नैसर्गिक वायू, टाकाऊ प्लास्टिक किंवा कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन यांपासून कारखान्यात बनवलेले, मोटारीत चालणारे द्रव इंधन. गॅरेजात डब्यातून मिळणारे सिंथेटिक ऑइल निराळे. ते वंगण आहे. त्याचे रेणू पेट्रोलच्या रेणूंपेक्षा बरेच मोठे असल्याने त्याची सहज वाफ होत नाही आणि ठिणगीने ते नीट पेटत नाही. शिवाय त्यातली जस्त, कॅल्शियमयुक्त पूरके जळून राख उरते. डिझेल नॉझलची (इंजिनात इंधन फवारणाऱ्या तोटीची) छिद्रे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतात; मळाने ती सहज बुजतात. बॉशचे (पूर्वीच्या मायकोचे) असे नॉझल नाशिकला सातपुरात बनत आले आहेत. डिझेलमध्ये जळके ऑइल मिसळले की काय होते, हे तिथल्या फिटरला वेगळे सांगावे लागत नाही.

हवाबंद भांड्यात तापवून वंगणाचे रेणू तोडता येतात आणि डिझेलसारखे तेल मिळते. पण हा उलटा व्यवहार झाला. उंची सिंथेटिक ऑइल इथिलिनपासून बनते आणि इथिलिन येते खनिज तेल किंवा वायूतूनच. वापरलेले ऑइल शुद्ध करून पुन्हा वंगण म्हणून वापरणे अधिक शहाणपणाचे.

संश्लेषित इंधन बनवण्याचा खरा मार्ग फ्रान्झ फिशर व हान्स ट्रॉप्श यांनी १९२५ च्या सुमारास जर्मनीत दाखवला. कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचे मिश्रण लोह किंवा कोबाल्ट उत्प्रेरकावरून नेले की हायड्रोकार्बनांच्या साखळ्या तयार होतात. लांब साखळ्या तोडून डिझेलही मिळते आणि वंगणही. खनिज तेल दुर्मीळ असलेल्या दक्षिण आफ्रिकेत सासोल कंपनीने १९५५ पासून कोळशापासून पेट्रोल काढले. कतारचा ‘पर्ल’ प्रकल्प तेच काम नैसर्गिक वायूपासून करतो. इंधन उत्तम, गंधक जवळजवळ नाही. मात्र कोळशाच्या वाटेने कार्बन डायऑक्साइड खनिज तेलाच्या इंधनापेक्षाही जास्त बाहेर पडतो.

चिलीतल्या हारू ओनी प्रकल्पात २०२२ पासून पवनविजेच्या जोरावर कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन यांपासून पेट्रोल बनते. अडचण ऊर्जेच्या हिशेबाची आहे : तीच वीज बॅटरीत भरली तर मोटार चार-पाच पट अंतर जाते.

या इंधनाची जमेची बाजू अशी की त्यासाठी वितरणव्यवस्था बदलावी लागत नाही. मुंबईहून नळाने मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोत आणि तेथून टँकरने नाशिकच्या पंपांवर तेही येऊ शकेल. तूर्त जिल्ह्यातल्या पेट्रोलमध्ये मिसळते ते इथेनॉल. ते उसापासून किंवा धान्यापासून आंबवून काढतात, म्हणून या नोंदीत मोडत नाही.