पाठीच्या मधल्या भागात उसण भरली तर
फिजिओथेरपी केंद्रात येणाऱ्यांसाठी माहितीपत्रक, नाशिक

मांडवाखाली मान आणि हात वर करून दिवसभर द्राक्षाचं थिनिंग, पाय न वळवता फक्त धड फिरवून उचललेली कांद्याची गोणी, सातपूर-अंबडच्या कारखान्यात पूर्ण पाळी एकाच बाजूला वळून केलेलं काम. कधी तर निफाडच्या थंडीतली एक जोराची शिंकही पुरते. दोन्ही खवाट्यांच्या मध्ये चमक निघते, श्वास अर्ध्यावर अडकतो आणि माणूस आहे तिथेच थिजतो.

पाठीच्या या भागात १२ मणके असतात आणि प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी बरगड्या जोडलेल्या असतात. अचानक ताण आला की स्नायू स्वतःला वाचवायला घट्ट आवळून बसतो. श्वास घेताना बरगड्या हलतात, म्हणून कळ येते. कळेच्या भीतीने माणूस वरवर श्वास घेतो, त्याने बरगड्या आणखी आखडतात आणि मानेचे स्नायूही दुखू लागतात. हे चक्र पहिल्याच तासात तोडलं तर पुढचं बरंच सोपं होतं.

आधी हे तपासा. छातीत दडपण, घाम, धाप, दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, यातलं काहीही असेल तर शेक-बाम करत बसू नका, १०८ ला फोन करा. पाठ फाडल्यासारखी तीव्र कळ अचानक आली, पाय लुळे-बधिर वाटले किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तरी थेट हॉस्पिटल गाठा.

पहिला तास. पाठीवर झोपा आणि पोटऱ्या खुर्चीवर किंवा दोन उशांवर ठेवा. असं झोपवत नसेल तर कुशीवर वळून उशी छातीशी कवटाळा. एक हात खालच्या बरगड्यांवर ठेवा. नाकाने ४ आकडे मोजेपर्यंत श्वास आत, ६ आकडे मोजेपर्यंत बाहेर. हाताखालची बरगडी बाजूला फुगली पाहिजे; फक्त खांदे वर जात असतील तर श्वास चुकतोय. कळ सुरू होते त्याच्या जरा अलीकडे थांबा. असे १० श्वास, दर तासाला.

उठताना सरळ उठून बसू नका. आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग हाताने रेटा देऊन बसा. शिंक येतेय असं वाटलं की गुडघे थोडे वाकवा आणि हात भिंतीला टेकवा.

शेक गरम की गार? पहिले दोन दिवस अनेकांना बर्फाने बरं वाटतं. थंडीने आखडलेल्या पाठीला गरम शेक मानवतो. जे सुखावेल ते करा. बर्फ फडक्यात गुंडाळून १५ मिनिटं, गरम पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून १५ ते २० मिनिटं. बाम चोळून त्यावर गरम पिशवी ठेवू नका, कातडी भाजते. मधुमेहाने संवेदना कमी झालेल्यांनी शेकाआधी घरच्या कुणाकडून उष्णता तपासून घ्यावी.

गोळीचं म्हणाल तर प्रौढांसाठी पॅरासिटामॉल ५०० मिलीग्रॅम, ६ तासांच्या अंतराने. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या पाठदुखीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं, त्यामुळे दोन्ही घेतल्या तर डोस दुप्पट होतो. अल्सर, किडनीचा किंवा लिव्हरचा त्रास, रक्त पातळ करण्याची गोळी किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही वेदनाशामक गोळी घेऊ नका.

पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. नुसता पाय टेकवला तर नुकसान नाही. लाथ मात्र मारून घेऊ नका. आवळलेला स्नायू झटक्याने आणखी आवळतो आणि हाडं ठिसूळ झालेल्या आजी-आजोबांचा मणका दबू शकतो. पाठ कडकडा मोडून घेण्याचंही तेच.

दुसऱ्या दिवसापासून हालचाल. आठवडाभर अंथरुणात पडून राहिलात तर पाठ अधिकच धरते. दर तासाला घरातल्या घरात ५ मिनिटं चाला. गुडघे-तळहातांवर येऊन पाठ हळूच वर कमानवा आणि खाली सोडा, ८ ते १० वेळा, दिवसातून तीनदा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भिंत आणि पाठ यांच्यामध्ये टेनिसचा चेंडू धरा, दुखऱ्या गाठीवर ३० सेकंद हलका दाब द्या. चेंडू मणक्यांवर नको, कण्याच्या बाजूच्या मांसावर हवा. हे करताना श्वास रोखला जात असेल तर दाब जास्त होतोय.

कामावर परतलात की पहिला आठवडा १० किलोच्या वर उचलू नका. गोणी अंगाजवळ धरा आणि वळताना पाय वळवा. बागेत उंच पाटावर उभे राहा, म्हणजे कोपरं खांद्याच्या खाली राहतील, आणि दर २० मिनिटांनी हात खाली सोडा.

साधी उसण बहुधा काही दिवसांत सैल होते आणि दोन आठवड्यांत बरीच उतरते. दोन आठवड्यांनंतरही तशीच असेल, पडल्यानंतर किंवा मार लागल्यावर सुरू झाली असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. एका बाजूला आग होऊन पुरळ उठलं तर ती नागीण असू शकते. तिची औषधं पहिल्या ७२ तासांत सुरू केलेली बरी. संध्याकाळचा बारीक ताप आणि घटतं वजन सोबत असेल तर मणक्याच्या टीबीची तपासणी करून घ्या. पाठीचा हा भाग त्याची नेहमीची जागा आहे, औषधाने तो बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात उपचार मोफत मिळतात.

केंद्रात येताना सैल शर्ट घाला आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. एक्स-रे आधीच काढून आणायची गरज नाही. आवळलेला स्नायू त्यात दिसत नाही.